गेली न आली

१

काचपेटीचं कुलूप जागच्या जागी होतं. काच शाबूत होती. आत डावीकडे मेघवतीचा जरीकाठी शेला, उजवीकडे पिवळा पडलेला फोटो, आणि मधे, जिथे काल संध्याकाळी पाचपर्यंत कारभाऱ्याची वही होती, तिथे नुसती लाकडाची फळी. वहीखालचं लाल फडकं गेलं होतं. कसर लागू नये म्हणून भोवती पसरलेला कडुनिंबाचा पालाही गेला होता. एक काडीसुद्धा मागे नव्हती.

"मामा, तुम्ही हलवली का?" मी विचारलं.

"मी काय करू तिचं? मला पोराच्या वह्या पुरं झाल्यात," सहादेवमामा म्हणाले. मामा आमच्या शाळेचे शिपाई. बोलले रुबाबात, पण आवाज बारीक झाला होता.

पेटीला दोन चाव्या. एक शामकांत सरांकडे. दुसरी मामांकडे, म्हणजे लायब्ररीच्या दाराआड खिळ्याला, आणि हा खिळा पाचवीच्या पोरांनाही माहीत आहे.

बाहेर धरणावरचं धुकं जरा हललं, खिडकीतून उजेड आला, आणि काचेवर दोन हात उमटलेले दिसले. दोन्ही तळवे, बोटं फाकलेली, जणू कोणी पेटीच्या आत शिरायला बघत होतं. लहान हात. बाईचे.

"शेलेवाली," मामा पुटपुटले आणि दारापर्यंत मागे गेले.

मी गेले नाही. आठवीपर्यंतची निकिता गेली असती, दहावीतली नाही. मी वाकून ठसे पाहिले. एका बोटाच्या टोकाशी हळदीचा पिवळा डाग होता. भुतं हळद कांडत नाहीत. काल आमच्या आजीबरोबर अंगणात बसून कोणी हळद कांडली होती, ते मला चांगलं ठाऊक होतं.

मी घराकडे निघाले.

२

आधी सगळं सांगते, नाहीतर वही म्हणजे काय ते कळायचं नाही.

आमचं गाव भंडारदऱ्याच्या पाण्याला लागून. १९२९ साली, धरण नवंनवं होतं तेव्हा, शामकांत सरांचे आजोबा राधाकृष्णपंत इथे एक मूकपट काढायला आले. 'मेघवतीचा शेला'. राजपुत्राची वाट बघून थकलेली मेघवती शेवटी शेला पांघरून पाण्यात चालत जाते, अशी प्रेमकथा. मेघवती झाली होती अंबिका, आमच्याच गावची, सतरा वर्षांची. शेवटच्या दिवशी शेवटचं दृश्य घेताना ती खरोखर पाण्यात गेली आणि आलीच नाही, असं शंभर वर्षं गाव सांगत आलंय. चित्रपट कधी लागला नाही. त्यातला एक मिनिट तेवढा उरला.

आणि उरली शेलेवाली. ती गेली त्या खाडीत, म्हणजे धरणाचं पाणी डोंगरात शिरलंय तिथे, अजून कोणी जाळं टाकत नाही. धुक्यात पाण्यावर पांढरं काही हललं की लोक हाक न मारता घरी येतात. दर मार्गशीर्षी अमावास्येला गावातल्या बायका तिची ओटी भरतात, खण, नारळ, तांदूळ, सगळं पाण्यात सोडतात. वर्षभर तिनं कोणाचं लेकरू ओढून नेऊ नये म्हणून.

राधाकृष्णपंतांनी पुन्हा चित्रपट काढला नाही. मरेपर्यंत ते दर वर्षी याच अमावास्येला नगरहून यायचे आणि काठावर एकटे बसायचे. त्यांच्या ट्रंकेत ती वही सापडली. शिसपेन्सिलीनं लिहिलेली, ना स्वल्पविराम ना पूर्णविराम. पहिल्या पानावर 'ही वही कारभारी', म्हणून सगळे म्हणतात, कंपनीच्या कारभाऱ्याची, मॅनेजरची वही. शामकांत सरांनी तीस वर्षं आमच्या शाळेत मराठी शिकवलं आणि रिटायर झाल्यावर या वहीवरून पुस्तक लिहिलं, पंत आणि अंबिकेच्या अबोल प्रेमाचं. अंबिकेला का निवडलं, तर वहीत लिहिलंय: 'मुंबईची बाई पान्याला भेती पवनारी पायजे अंबिका घेतली'. सर सांगतात, पवनारी म्हणजे पावन नारी, लिहिणाऱ्याच्या हातून एक काना आणि एक न गळला. मुंबईच्या नटीत नसलेलं पावित्र्य पंतांना अंबिकेत दिसलं, आणि तिथेच ते हरले.

आज तीच अमावास्या. दुपारी चारला पुस्तकाचं प्रकाशन, तो एक मिनिट पडद्यावर, आणि त्याआधी आमचा प्रयोग. त्यात मी अंबिका.

मला का निवडलं, त्यात प्रेमबिम काही नाही. गेल्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेत मी 'पाणी' ला 'पानी' म्हणाले आणि सगळा हॉल हसला. सरांची नात भार्गवी माझी मैत्रीण; तिचे ण असे खणखणीत की टेबलावर पडले तर आवाज येईल. ती निवेदिका झाली. मी नायिका, कारण, सर प्रेमानंच म्हणाले, "मूकपट आहे, निकिता. तुला बोलायचं नाहीच."

पण काल तालमीत भार्गवीचा घसा बसला. सर म्हणाले, वहीतली शेवटची नोंद तू वाच. मी वाचली, एका दमात:

'ती पान्यात गेली न आली सायेब म्हनले आमी सांगतो बुडाली तुमी जा'

सरांनी माझ्याकडे पाहिलं. चष्मा काढला, पुसला, घातला. मग म्हणाले, "गेली, इथे थांब. मग, न आली. आली नाही, असं. त्यानंतर साहेब जमलेल्या लोकांना सांगतात, मी सांगतो, बुडाली ती, तुम्ही जा आता. पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. पुन्हा तसंच आलं तोंडातून. सर म्हणाले, "राहू दे."

आज सकाळी फाटकातच भार्गवीनं नवा कागद हातात ठेवला. "आजोबांनी काल घरी बसून सगळं निवेदन परत लिहिलं," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "वहीची ओळच काढून टाकली. तुझ्या वाचनाचा महिमा."

हसली ती. मीही हसले. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. तो कागद खिशात घालून मी लायब्ररीत आले, आणि पेटी रिकामी.

३

हळदीच्या हातांची बाई होती बनुबाई. परवा ती एसटीतून उतरली, तिसगावहून, चार गाड्या बदलून, वय सत्त्याऐंशी. पेपरात या कार्यक्रमाची बातमी आणि तो जुना फोटो आला होता, ते कात्रण पदराला बांधून. उतरायला जागा नव्हती, तेव्हा आजी तिला घरी घेऊन आली. आमची आजी, रंगुबाई, एसटी स्टँडवरून रिकाम्या हातानं क्वचितच येते.

मी घरी पोहोचण्याआधी बातमी पोहोचली होती. मुख्याध्यापकांनी आजीला फोनवर सांगितलं होतं: काल पेटीशी तुमची पाहुणीच घुटमळत होती; बारापर्यंत वही मिळाली नाही तर पोलिसांना कळवणार, आणि म्हातारीनं गाव सोडायचं नाही. बनुबाईनं आपलं बोचकं स्वतःच अंगणात उलटं केलं होतं. दोन लुगडी, तंबाखूची पिशवी, गूळ-शेंगदाण्याची पुडी.

"बगा," ती म्हणाली. "सगळं बगा. मला लिवाय-वाचाया येत न्हाई. मी वही नेऊन चुलीत घालू?"

"आजी, काचेला हात लावला होता ना तुम्ही?" मी शेजारी बसले.

"लावला की. मास्तरला म्हनलं, वही जरा वाचून दावा. तर म्हनला, परकाशन झाल्याबिगर न्हाई. मग बाहेरनंच बगितली." तिनं कात्रण उलगडलं. फोटोत पाण्याकाठी कोट-टोपीवाली माणसं ओळीनं उभी, आणि डाव्या कडेला नावेत वल्हं धरून एक उंच गडी. सरांच्या पुस्तकात त्याच्याखाली 'अनोळखी नावाडी' असं छापलंय. बनुबाईनं त्याच्यावर बोट ठेवलं. "ह्यो माजा बा. धरनाच्या कामाला आल्ता इकडं, मग शिनेमावाल्यांची नाव वल्हवायचा. सारखं पेन्सलीनं कायबाय लिवायचा. मला वाटलं, त्या वहीत त्यानं आईचं गाव लिवलं आसंल."

"आईचं गाव तुम्हाला माहीत नाही?"

"तिनं सांगितलंच न्हाई कदी. रतनबाई नाव तिचं. माहेर इचारलं की म्हनायची, पान्यात गेलं." बनुबाईनं नाक पुसलं. "बिनमाहेराची म्हनायचे तिला. मला बिनमामाची. दिवाळीला समद्या पोरी मामाकडं जायच्या, मी वट्यावर बसून. आता मरनाच्या आदी एकदा त्या गावाला पाय लागावं, येवढंच हुतं. तर चोर झाले."

आजी बोचकं पुन्हा बांधत होती.

"तुमच्या आईनं बाबांबद्दल काही सांगितलं असेल ना?"

"ती काय सांगनार. कारभारी जेवले का, कारभारी आले का. त्या वक्ताला नवऱ्याचं नाव घ्येत नव्हते, बाय."

भिंतीवरचं घड्याळ पावणेदहा दाखवत होतं.

४

शाळेच्या हॉलमध्ये मधुवंतीताई प्रोजेक्टर लावत होती. ती पुण्याहून आली होती, जुन्या चित्रपटांवर काम करते. वहीचे फोटो काढू द्या म्हणून तिनं सरांशी दोनदा वाद घातला होता, हे सगळ्या शाळेनं ऐकलं होतं.

"म्हणजे मीही संशयित," ती वायरी सोडवत म्हणाली. "माझी बॅग बघ. पण एक सांगते. वही चोरणारी असते तर फडकं नेलं असतं, ओला कुजका पाला नसता नेला. माझ्याकडे त्यापेक्षा चांगली पाकिटं आहेत."

पाला माझ्याही डोक्यातून जात नव्हता. चोर वही नेतो. तिला कसर लागेल याची काळजी चोराला का?

"ताई, तो एक मिनिट दाखवशील?"

तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मी तो तुकडा खूपदा पाहिला होता, तरी दर वेळी पाठीतून गार काहीतरी जातं. आवाज नाही. पावसासारख्या रेघा. आमचंच पाणी, आमचाच डोंगर, आणि पाठमोरी अंबिका आत आत चालत जाते. गुडघे, कंबर. मग ती वळते. थेट बघत नाही, जरा डावीकडे, चौकटीच्या बाहेर कोणाकडे तरी. ओठ हलतात. एकच शब्द. मग ती खाली जाते, पाण्यावर शेला पसरतो, आणि पुढे काही नाही.

"सर म्हणतात, ती राधाकृष्ण म्हणते," मी म्हणाले.

"मला ते कधीच पटलं नाही. पण का ते सांगता येत नाही."

मी अंबिकेचं काम करत होते, त्यामुळे हे ओठ मला आरशासमोर रोज करावे लागत होते, आणि रोज चुकत होते. आता कळलं का ते. मी ताईच्या मोबाईलच्या काळ्या काचेत बघून 'राधाकृष्ण' म्हटलं. तुम्हीही म्हणून बघा. ओठ एकदाही मिटत नाहीत. पडद्यावर अंबिकेचे ओठ मधेच एकदा मिटतात, घट्ट, आणि शेवटी फाकतात.

"प, फ, ब, भ, म," ताई माझ्याकडे बघत राहिली. "यातलं काहीतरी आहे मधे. राधाकृष्ण नाही."

"मग कोणाला हाक मारतेय ती मरताना?"

तेवढ्यात दारात सहादेवमामा आले. धापा टाकत होते.

"निकिता, पळ. तुमच्याकडली पाहुनी म्हातारी पान्याकडं गेलीया. येकटी. शेलेवालीच्या खाडीला."

५

मी पळाले. धुकं पुन्हा उतरलं होतं. दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं. चोर ठरवलेली सत्त्याऐंशी वर्षांची बाई पाण्याकडे का जाते, याची जी कारणं मला सुचत होती ती मला नको होती. उतारावर कोणीतरी पांढरं समोरून येत होतं. माझे पाय थांबले. खोटं का बोलू, मला वाटलं, आलीच ती.

आजी होती. डोक्यावर टॉवेल.

"बनुबाई कुठाय?"

"ती? पान्यावर गेली न आली," आजी म्हणाली.

मी तिथेच बांधावर बसले.

"आगं काय झालं? पाय धुवाया गेल्ती म्हनलं, गेली न आली. ती काय माझ्या मागं."

आणि धुक्यातून बनुबाई आली, लुगडं पोटरीपर्यंत खोचलेलं, पाय ओले.

मी हसायला लागले. मग आजीला म्हणाले, "पुन्हा म्हण."

"काय?"

"आत्ता म्हणालीस ते."

"गेली न आली. येडी झाली का काय ही."

गेली न् आली. जाऊन आली. आमच्या घरात दिवसातून वीस वेळा येतो हा न. दूध घातलं न आले. जेवले न झोपले. मी काल तालमीत तसंच वाचलं होतं, न थांबता, कारण माझ्या तोंडात तो न तसाच बसलाय. लिहिणाऱ्याच्याही बसला होता. तो माणूस 'पान्यात' लिहितो, 'म्हनले' लिहितो. जो बोलतो तसं लिहितो, तो पुस्तकी 'न आली' कशाला लिहील? त्याला आली नाही म्हणायचं असतं तर त्यानं सरळ लिहिलं असतं, 'आली न्हाई'.

"आजी, पोहणारीला तुम्ही काय म्हणता?"

"पवनारी," दोघी म्हाताऱ्या एकदम म्हणाल्या.

मी खिशातून भार्गवीचा कागद काढला. सकाळपासून तो खिशात होता, आणि सकाळपासून मी त्याचा चुकीचा अर्थ लावत होते. मला वाटत होतं, मी वाईट वाचलं म्हणून ओळ गाळली.

"बनुबाई," मी विचारलं, "तुमची आई बाबांना कारभारी म्हणायची. पण बाबांचं नाव काय होतं?"

बनुबाई तोंडाला पदर लावून हसली. पहिल्यांदाच.

६

बाराला दहा कमी असताना लायब्ररीत सगळे होते. मुख्याध्यापक फोन हातात घेऊन, सहादेवमामा दाराशी, मधुवंतीताई, भार्गवी, आजी आणि बनुबाई बाकावर. शामकांत सर रिकाम्या काचपेटीशेजारी, खांद्याला नेहमीची शबनम.

"सर, मी एकदा बोलू का?" मी म्हणाले. "ण चुकतील."

सरांनी मान हलवली. माझ्याकडे पाहिलं नाही.

"वही नेणाऱ्यानं पालासुद्धा उचलला. म्हणजे वही टिकावी अशी त्याची इच्छा आहे. त्याला ती विकायची नाही, जाळायची नाही. बनुबाईंना वाचता येत नाही, त्यांना वाचून दाखवणारा माणूस हवा होता. वही लपवून त्यांना काय मिळणार? सहादेवमामांना तर शेला दिसला तरी घाम फुटतो."

"फुटतोच," मामा म्हणाले.

"ताईला फोटो हवे होते, आणि आज चारनंतर ते मिळणारच होते. मग परवा नाही, तेरवा नाही, कालच का गेली? काल काय झालं?" मी रिकाम्या पेटीवर हात ठेवला. "काल मी ती ओळ वाचली. एवढंच झालं."

मी कागद टेबलावर ठेवला. "भार्गवीनं मला हा सकाळी सव्वाआठला दिला. काल घरी लिहिलेला. यात वहीची ओळ नाही. पेटी रिकामी आहे हे आम्हाला कळलं साडेआठला. वही पेटीत नसणार, तिच्यातली ओळ कोणाला ताडून बघता येणार नाही, हे आदल्या दिवशीच कोणाला तरी माहीत होतं."

भार्गवी कागदाकडे बघत होती. मग तिनं आजोबांकडे पाहिलं.

"ती ओळ मी आता जशी लिहिलीय तशी वाचते. ती पान्यात गेली न आली. गेली, आणि आली. सायेब म्हनले, आमी सांगतो बुडाली. म्हणजे, आम्ही लोकांना सांगतो की ती बुडाली. तुमी जा. तुम्ही दोघं जा." मी बनुबाईकडे वळले. "मुंबईची नटी पाण्याला भ्यायची, म्हणून पवनारी पाहिजे होती. पावन नारी नाही. पोहणारी. अंबिकेला निवडलं ते पोहता येतं म्हणून, आणि जिला पोहता येतं म्हणून निवडलं, ती पाण्यात चालत जाऊन बुडेल कशी? पाण्यात उभी राहून तिनं नाव घेतलं ते राधाकृष्ण नाही. त्यात ओठ मिटत नाहीत. तिनं नावेकडे बघून हाक मारली, कारभारी. भ ला ओठ मिटतात. ही मॅनेजरची वही नाही. कारभारी हे माणसाचं नाव आहे. फोटोतल्या नावाड्याचं. बनुबाईंच्या वडिलांचं. आणि त्यांची आई रतनबाई, तीच अंबिका."

शामकांत सरांनी शबनम खांद्यावरून उतरवली. आतून लाल फडकं काढलं, हळूच, तान्हं मूल काढावं तसं, आणि काचपेटीवर ठेवलं. कडुनिंबाची दोन पानं खाली पडली. ती त्यांनी वाकून उचलली.

"तू वाचलंस आणि मला ऐकू आलं," ते म्हणाले. "घरी नेऊन पूर्ण वही वाचली, तुझ्या आवाजात. सगळी बदलली. तीस वर्षं मुलांचे न आणि ण दुरुस्त केले मी. मग एका न ची पाचशे पुस्तकं छापली." मग ते बनुबाईकडे वळले. "सकाळी तुमचं नाव पुढे आलं तेव्हाच बोलायला हवं होतं. बोललो नाही. याची माफी मागायचीही लाज वाटते."

बनुबाई म्हणाली, "मास्तर, ते ऱ्हाऊ द्या. आईचं गाव लिवलंय का त्यात?"

"अंबिका याच गावची," सर म्हणाले. "शेवटून दुसऱ्या पानावर आहे. 'तिचा बा म्हनतो शिनेमात तोंड दावलेली पोर घरात घ्येनार न्हाई'." ते जरा थांबले. "मला एकच कळत नाही. ती बुडाली नव्हती हे आजोबांना ठाऊक होतं. मग दर वर्षी इथे येऊन ते कोणाची वाट बघायचे?"

"वाट नसतील बघत," मी म्हणाले. "राखण करत असतील. ती बुडाली हे जोवर गाव मानतंय, तोवर तिला कोणी शोधायला जाणार नव्हतं. म्हणून कारभाऱ्याची मागे राहिलेली वही ट्रंकेत ठेवायची, आणि दर वर्षी येऊन रडून जायचं."

"म्हणजे प्रेम होतंच," भार्गवी घोगऱ्या आवाजात म्हणाली. कोणी तिला खोडलं नाही.

मुख्याध्यापकांनी फोन खिशात ठेवला.

७

चारला हॉल भरला होता. पुस्तकाचे गठ्ठे सुतळीसकट कोपऱ्यात राहिले. सरांनी स्टेजवर जाऊन स्वतःची चूक सांगितली, न कसा वाचायचा तेही सांगितलं, आणि निवेदन माझ्या हातात दिलं. मी पानी म्हटलं. दोघं हसले. मी पुढे वाचत राहिले.

मग अंधार झाला आणि तो एक मिनिट लागला. सतरा वर्षांची अंबिका कमरेइतक्या पाण्यात वळली, ओठ हलले, आणि पहिल्या रांगेतून बनुबाईचा आवाज आला, शेजारणीशी बोलावं तसा: "कारभारी म्हनती. घरीबी आशीच हाक मारायची. जलमभर नवऱ्याचं नाव घेतलं बयेनं, न कुनाला कळलं न्हाई."

संध्याकाळी बायका ओट्या घेऊन खाडीवर गेल्या. सवयच ती. पाण्यावर धुकं होतं, त्यात नेहमीसारखं काहीतरी हललं, आणि नेहमीसारख्या सगळ्या गप्प झाल्या. आजी ताट घेऊन पुढे झाली, आणि काठावर पोहोचल्यावर तिनं पाण्याकडे पाठ केली.

"बनुबाई, पदर पसर."

"मी रांडाव बाई. माजी कशी भरता?"

"शंबर वर्सं मेलेल्या बाईची भरली," आजी म्हणाली. "जित्या लेकीची भराया काय धाड भरलीय?"

एकेक जण आली. खण, नारळ, तांदूळ. पदर पुरेना, तेव्हा भार्गवी आणि मी दोन टोकं धरून उभ्या राहिलो. बनुबाई मामाच्या गावात उभी होती. मी एकदा पाण्याकडे पाहिलं. पांढरं काही नव्हतं, किंवा असेल, पण आता मला तिचं नाव माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या अकोले गाडीत तिला बसवलं. कंडक्टरनं घंटी दिली तशी ती खिडकीतून म्हणाली, "जाते मी."

"जाते म्हनू न्हाई माहेरातनं," आजी खालून ओरडली. "येते म्हन."

गाडी हलली. बनुबाईनं हळदीचा हात काचेला लावला.

"जाते न येते."

तो न कुठला, हे मी कोणालाच विचारलं नाही.